इंदिरा संत यांची कविता : चरित्राच्या आधाराविना एक वाचन

बेळगाव-निपाणी भागातील महाविद्यालयांत मराठी शिकविणाऱ्या अध्यापकाला इंदिरा संत यांची ओळख करून द्यावी लागत नाही. अडचण उलटी आहे. ती ओळख विद्यार्थ्याजवळ आधीच तयार असते. वर्गात येताना त्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात : बाई बेळगावच्या, आणि बाईंचे पती अकाली गेले. एवढ्या भांडवलावर तो त्यांच्या कोणत्याही कवितेवर दोन पाने लिहू शकतो, आणि लिहितोही. कवितेत पाऊस आला की तो अश्रूंचा, संध्याकाळ आली की ती एकाकीपणाची, 'तू' असा शब्द आला की तो दिवंगत पती. उत्तर चुकीचे ठरविता येत नाही, त्यामुळे गुणही पडतात. मात्र ते उत्तर लिहिण्यासाठी कविता वाचण्याची गरज त्याला पडलेली नसते, हे तपासणाऱ्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

प्रस्तुत लेखात या सवयीचा विचार करावयाचा आहे. इंदिराबाईंच्या आयुष्यातील दुःख खरे होते आणि ते त्यांच्या कवितेत उतरले, याविषयी वाद नाही. परंतु एका प्रसंगाच्या आधारे त्यांची सगळी कविता उलगडून दाखविण्याच्या नादात त्यांनी निर्माण केलेली निरनिराळी स्त्रीरूपे आणि त्यांसाठी घडविलेली रचना आपल्या हातून निसटते, असे माझे मत आहे. शिवाय 'विरहाची कवयित्री' हे बिरुद गौरवाचे वाटले तरी त्याने कवयित्रीला लहान केले आहे.

प्रथम चरित्राचा तपशील, कारण तोही नीट सांगितला जात नाही. इंदिराबाईंचा जन्म ४ जानेवारी १९१४ रोजी विजापूर जिल्ह्यातील इंडी येथे झाला. माहेरचे आडनाव दीक्षित. बालपण निपाणीजवळच्या तवंदी या गावी गेले. आज महामार्गावरून बेळगावकडे जाताना तवंदीचा घाट काही मिनिटांत संपतो, पण त्या काळी ते डोंगराच्या अंगाला असलेले खेडे होते. स्तवनिधीचे जैन क्षेत्र त्याला लागूनच आहे. तेथील माती, पाऊस, रानफुले आणि बायकांच्या तोंडच्या ओव्या ही या कवितेची पहिली शाळा. पुढे कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. पुण्यात नारायण संत यांची ओळख झाली व त्यांच्याशीच विवाह झाला. नारायण संत हे स्वतः कवी आणि लघुनिबंधकार होते. १९४० साली उभयतांच्या कवितांचा 'सहवास' हा संग्रह प्रसिद्ध झाला. पती-पत्नी दोघांनीही कविता लिहावी ही गोष्ट मराठीला अगदी नवी नव्हती, रविकिरण मंडळातील श्रीधर व मनोरमा रानडे यांचे उदाहरण समोर होते. तरीही इंदिराबाईंच्या बाबतीत हे जोडनाव पुढे त्यांच्या सबंध कवितेवर छापले गेले. १९४६ साली नारायण संतांचे निधन झाले. तेव्हा इंदिराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या, पदरी लहान मुले होती. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी अध्यापन केले आणि तेथेच त्या प्राचार्या झाल्या. म्हणजे या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून शिकविणाऱ्या किती तरी शिक्षिका त्यांच्या हाताखालून गेल्या. चरित्र सांगताना हा भाग आपण एका वाक्यात उरकतो. वास्तविक त्यांचे रोजचे आयुष्य वर्ग, वेळापत्रक, पाठनिरीक्षण आणि घर यांत गेले.

आता तारखांकडे पाहू. 'शेला' १९५१, 'मेंदी' १९५५, 'मृगजळ' १९५७, 'रंगबावरी' १९६४, 'बाहुल्या' १९७२, 'गर्भरेशीम' १९८२. 'गर्भरेशीम' या संग्रहाला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतरही त्या लिहीत होत्या. १३ जुलै २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९४६ ते १९८२ हे अंतर छत्तीस वर्षांचे आहे. एवढ्या कालावधीत माणसाचे दुःखही बदलते, त्याला नवे अर्थ चिकटतात, कधी ते दुसऱ्याच कशाची तरी भाषा बनते. छत्तीस वर्षांनी आलेल्या संग्रहाचे कारण १९४६ मध्ये शोधणारा समीक्षक कवीला तेवढा काळ जागच्या जागी उभा करून ठेवतो.

असे वाचन फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्रजी विभागातील सहकाऱ्यांना अमेरिकन कवयित्री सारा टीझडेल हे नाव परिचित असेल. १८८४ साली सेंट लुईस येथे जन्मलेल्या या कवयित्रीने आयुष्यभर छोटी, गेय, बहुतांशी प्रेमविषयक कविता लिहिली. 'लव्ह साँग्ज' (१९१७) या संग्रहासाठी तिला १९१८ साली कोलंबिया विद्यापीठाचे पारितोषिक मिळाले. कवितेसाठीच्या पुलित्झर पुरस्काराचा आरंभ पुष्कळजण तेथूनच मोजतात. १९१४ मध्ये, म्हणजे इंदिराबाईंच्या जन्मवर्षी, तिचा विवाह झाला व १९२९ मध्ये तो घटस्फोटात संपला. तिच्यावर प्रेम करणारा कवी व्हेचल लिंडसे याने १९३१ साली आत्महत्या केली आणि १९३३ च्या जानेवारीत तिनेही आपले जीवन संपविले. यानंतर तिच्या कवितेचे काय झाले ते आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. 'आय शॅल नॉट केअर' ही तिची एक कविता आहे. आपण मेल्यावर आपल्या थडग्यावर कुणी शोक करीत वाकले तरी आपल्याला त्याची पर्वा नसेल, असा तिचा आशय. ही कविता म्हणजे तिने मृत्यूपूर्वी लिहून ठेवलेली चिठ्ठी होय, अशी समजूत पसरली आणि ती आजही अधूनमधून छापून येते. प्रत्यक्षात ती कविता १९१५ साली 'रिव्हर्स टू द सी' या संग्रहात आलेली आहे. मृत्यूच्या अठरा वर्षे आधी! मुखपृष्ठामागचे साल पाहिले असते तरी हा घोटाळा टळला असता. पण चरित्राची गोष्ट इतकी घट्ट बसलेली होती की साल पाहण्याची कुणाला आवश्यकता वाटली नाही.

टीझडेल आणि इंदिरा संत यांची तुलना फार ताणण्याचे कारण नाही. एकीचे आयुष्य न्यूयॉर्कच्या साहित्यवर्तुळात गेले, दुसरीचे बेळगावच्या शिक्षिकांच्या वर्गात; एकीने जीवन सोडले, दुसरीने ते शहाऐंशी वर्षे निभावले. साम्य आहे ते वाचकांच्या वागणुकीत. दोघींची कविता छोटी आणि ऐकताना सोपी. दोघींच्या आसपास त्याच काळात कवितेची चाल बदलली. तिकडे १९२२ नंतर एलियटच्या कवितेने अवघड रचनेला प्रतिष्ठा दिली, इकडे १९४७ मध्ये मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या. अशा वेळी साध्या भावकवितेचे काय करावयाचे हा प्रश्न समीक्षेपुढे पडला आणि तिने सोपा मार्ग काढला : पुरुष कवीच्या कवितेत विचार पाहावा, स्त्रीच्या कवितेत आयुष्य. पद्मा गोळे, संजीवनी मराठे यांच्याही वाट्याला थोड्याफार फरकाने हेच आले. मर्ढेकरांच्या कवितेवर लिहिताना त्यांच्या संसाराची हकीकत पहिल्या परिच्छेदात कुणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष कवितांकडे वळतो. तीन कविता घेतो, तिन्ही मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाच्या आहेत.

पहिली कविता पावसाला विनवणारी. एक गरीब घरची स्त्री अवेळी आलेल्या पावसाला रागावते आहे. घराचे छप्पर इतके विरळ की त्यातून चांदणे आत यावे. कौलांवर नाचू नकोस, गळती धरायला इतकी भांडी आणू कुठून, दारातली वेल ओरबाडू नकोस, फुले चिखलात लोटू नकोस, दारातून आत घुसून माझे नेसूचे जुने लुगडे भिजवू नकोस, अशी तक्रारींची माळ आहे. मग आवाज एकदम बदलतो. तुझे इतके सोसले, आता माझे एक ऐक. माझा माणूस वाटेला लागला आहे, तू वेशीपुढे काही कोस आडवा धावत जा, विजेला कडाडायला सांग आणि त्याला माघारी फिरव. त्याला सांभाळून आणलेस तर मग कितीही दंगा घाल, मी बोलणार नाही. तुझ्यासाठी पितळेची लोटी-वाटी मांडीन.

आपला विद्यार्थी येथे लगेच लिहितो की कवयित्री गेलेल्या पतीला परत बोलावीत आहेत. परंतु कवितेतील माणूस मेलेला नाही. तो प्रवासाला निघालेला आहे आणि पावसाने अडविले तर परत येऊ शकतो. कवितेचा सगळा खेळ या शक्यतेवर उभा आहे. ती शक्यता काढून घेतली तर रागावणे, लाडीगोडी आणि सौदा यांतील गोडवाच नाहीसा होतो. बोलणारी स्त्री प्राचार्या इंदिराबाई नाही. ती एखाद्या वाडीवरची, दोन लुगडी आणि मोजकी भांडी असलेली बाई आहे. तिच्या घराचा सगळा हिशेब कवितेत भांड्यांच्या भाषेत मांडलेला आहे. आरंभी गळतीखाली ठेवायला तिच्याजवळ भांडी नाहीत, शेवटी त्याच पावसापुढे ती पितळी भांडी मांडायला तयार आहे. मांडणे या क्रियापदाला आपल्या घरांत दोन अर्थ आहेत. पाऊस गळतो तेथेही भांडे मांडतात आणि पाहुणा आला म्हणजे त्याच्यासमोरही मांडतात. कवितेच्या आरंभी पहिला अर्थ आहे, शेवटी दुसरा. धिंगाणा घालणारा पाऊस पाहुणा होऊन बसतो, आणि हे घडते ते एका घरगुती शब्दाच्या जोरावर. रचनाही पाहण्यासारखी आहे. आठ-आठ अक्षरांची चाल, जी आपण बहिणाबाई चौधरींच्या कवितेत ऐकली आणि जिचे मूळ जात्यावरच्या गाण्यांत आहे. म्हणजे इंदिराबाईंनी हा आवाज हिशेबाने निवडलेला आहे.

दुसरी कविता 'कुब्जा'. कृष्णकथेत राधेवर मराठीत आणि मराठीबाहेर किती लिहिले गेले त्याला सीमा नाही. मथुरेतील कुब्जा ही कंसाकडे उटणे-चंदनाचे काम करणारी, पाठीत बाक असलेली दासी. भागवतात कृष्ण तिला सरळ करतो आणि कथा पुढे जाते. इंदिराबाईंच्या कवितेत पहाटेपूर्वीची वेळ आहे. राधा झोपलेली आहे, गोकुळही झोपलेले आहे. पैलतीरावर बासरी वाजते आणि ती ऐकायला फक्त ही स्त्री जागी आहे, अर्ध्या पाण्यात उभी. बासरी नेहमी राधेसाठी वाजते असे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. हिला त्या एका अवेळी वाटते की हा सूर आपल्यासाठी आहे. कविता येथेच थांबते. तिचे वाटणे खरे की खोटे हे कवयित्री सांगत नाही. तिच्या व्यंगावर ती रेंगाळत नाही, दयाही दाखवीत नाही. सोळा मात्रांच्या संथ ओळींत, थोडक्या कडव्यांत, एका उपेक्षित स्त्रीचा एकुलता एक क्षण पुरा होतो.

या कवितेत विरह शोधून सापडत नाही. येथे मिळण्याचा आनंद आहे, आणि तो जिला काहीच मिळण्याची अपेक्षा नव्हती तिचा आहे. चरित्राच्या आधाराने वाचणाऱ्याला या कवितेचे काय करावे ते कळत नाही. म्हणून तो तिला 'पौराणिक विषयावरील कविता' या खणात टाकून मोकळा होतो. माझ्या मते इंदिराबाईंच्या कवितेत शिरण्यासाठी 'कुब्जा' ही सर्वांत चांगली वाट आहे. दुसऱ्या स्त्रीच्या जागी उभे राहून, तिच्याविषयी बोलण्याऐवजी तिच्या कानाने ऐकण्याची शक्ती येथे स्पष्ट दिसते. मग पावसाच्या कवितेतील बाईही आपल्याला वेगळी व्यक्ती म्हणून दिसू लागते.

तिसरी कविता मुद्दाम घेतो, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाऊ शकते. आपल्या रक्तात मातीची ओढ आहे असे सांगणारी, ऋतुचक्रावर रचलेली ही कविता. मातीतून वर आलेली स्त्री पावसात न्हाते, शरदात निथळते, हेमंताचा शेला घेऊन ओले अंग टिपते, वसंताचे छापील पातळ नेसते, ग्रीष्माच्या टोपलीवर केस उदवते, विजेचा केवडा वेणीत तिरका माळते. शेवटी पदरात आठवणींचे काजवे खेळवीत ती अधांतरी उभी राहते आणि 'तू'चे ध्यान करू पाहते. हा 'तू' नारायण संत आहेत असे कुणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही. परंतु तेवढे म्हणून थांबणे म्हणजे कवितेच्या अखेरच्या दोन ओळी वाचून बाकीच्या सोडून देणे होय.

ही कविता म्हणजे एका स्त्रीचे न्हाणे आणि साजशृंगार आहे, आणि क्रम अचूक आहे : न्हाणे, निथळणे, टिपणे, नेसणे, केस वाळविणे, फूल माळणे. पाच ऋतू त्या क्रमात बसविले आहेत. कालिदासापासून ऋतुवर्णनाची परंपरा आहे, पण तिच्यात ऋतू स्त्रीला सजवतात किंवा छळतात. येथे स्त्री ऋतूंना कपाटातल्या वस्तूंसारखी वापरते. केस उदवणे हा शब्द आता शिकवावाच लागतो. न्हाऊन आल्यावर निखाऱ्यांवर ऊद टाकून वर वेताची टोपली पालथी घालावयाची आणि तिच्यावर ओले केस पसरावयाचे, ही रीत शहरी विद्यार्थ्याने पाहिलेली नसते. ज्यांच्या घरी दखनी बोलली जाते अशा विद्यार्थिनींना मात्र ऊद आणि लोबान हे शब्द ओळखीचे असतात, त्यांना विचारावे. ग्रीष्माला टोपली म्हणण्यातील नेमकेपणा मग वर्गाला आपोआप कळतो : खाली ऊब, वर जाळी, आणि सुवास.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. या कवितेतील क्रियापदे बहुतेक विध्यर्थी आहेत. न्हावे, टिपावे, नेसावे अशा धाटणीची. म्हणजे यांतले काहीही घडलेले नाही, घडावे अशी इच्छा आहे. चरित्रवादी वाचन या विध्यर्थाचा भूतकाळ करून टाकते आणि कवितेला झालेल्या दुःखाची नोंद समजते. वस्तुतः जे झाले नाही, होणे शक्यही नाही, ते होऊ शकेल अशी एक जागा इंदिराबाई भाषेत तयार करतात. अधांतरी उभे राहण्याचा उल्लेख त्यासाठीच आहे. व्याकरणाचा तास आणि कवितेचा तास वेगळा ठेवण्याच्या आपल्या पद्धतीमुळे अशा गोष्टी नजरेआड होतात, हे जाता जाता नमूद करतो.

पुढच्या संग्रहांत मुक्तछंदाचे प्रमाण वाढते, ओळ लहान होते, विशेषणे कमी होतात. संग्रहांच्या नावांकडे पाहिले तरी एक सूत्र दिसते. शेला, मेंदी, बाहुल्या, गर्भरेशीम : वस्त्र, नटणे, खेळ आणि पुन्हा वस्त्र. ज्या शहराच्या शहापूर-वडगाव भागात हातमागावर साड्या विणल्या जात, त्या शहरात राहणाऱ्या कवयित्रीने आपल्या प्रौढ वयातील कवितेला रेशमाचे नाव द्यावे यात नवल नाही. पण ही नावे नटवी नाहीत. कपड्याचा पोत जाणणारी स्त्री जसे कापड दोन बोटांत धरून पारखते तसे हे शब्द आहेत. त्यांच्यावर होणाऱ्या एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. त्यांच्या अनुभवाचा परीघ मर्यादित आहे आणि काही संग्रहांत त्याच प्रतिमा पुन्हा पुन्हा येतात. संध्याकाळ, अंगण, वाट पाहणे यांची वारंवारता वाचकाला थकवते हे खरे. सर्व कविता सारख्या तोलाच्या आहेत असा दावा करून आपण कवयित्रीवर उपकार करीत नाही.

याच संदर्भात सीमाप्रश्नाचा विषय निघतो. नारायण संत ज्या वर्षी गेले त्याच १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. 'मेंदी' त्याच्या आदल्या वर्षीचा संग्रह, 'मृगजळ' पुढच्या वर्षीचा. गावात एवढी उलथापालथ होत असता या दोन संग्रहांत सीमेचे नाव दिसत नाही, असे काही जण म्हणतात. त्यांची अपेक्षा मला अनाठायी वाटते. या कवितेत तवंदीची माती आहे, घाटमाथ्यावरचा पाऊस आहे, कौलारू घर आहे. कोणत्याही राज्याने नकाशा बदलला म्हणून या गोष्टी बदलत नाहीत. बेळगावचे सामाजिक रूप पाहावयाचे असेल तर ते याच घरातील दुसऱ्या लेखकाकडे आहे. इंदिराबाईंचे पुत्र प्रकाश नारायण संत (१९३७-२००३) हे भूशास्त्राचे अध्यापक. त्यांच्या 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या संग्रहांतील लंपन हा मुलगा बेळगावी वळणाची मराठी बोलतो, कानडी-मराठी शेजार त्या कथांत सहज वावरतो. आईच्या कवितेत बोलीचा हा रंग फारसा नाही, मुलाच्या गद्यात तो भरभरून आहे. आईने ओवीचा ठेका घेतला, मुलाने बोलीचा. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून शिकविली तर एखादे सत्र उत्तम जाईल.

'विरहाची कवयित्री' या बिरुदाचा व्यवहारात काय परिणाम झाला याचे एक उदाहरण जुन्या अध्यापकांच्या स्मरणात असेल. १९९२ च्या कोल्हापूर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इंदिरा संत उभ्या होत्या. रमेश मंत्री निवडून आले. त्या निकालावर त्या वेळी मोठी खळबळ माजली आणि निवडणुकीच्या पद्धतीवर टीका झाली. पद्धत दोषी होतीच. पण मला वाटते, मतदारांच्या मनातील प्रतिमेचाही त्यात वाटा असावा. घरात बसून दुःखाच्या कविता लिहिणाऱ्या बाई, अशी ज्यांची प्रतिमा, त्यांना व्यासपीठावर कोण पाहणार? तोपर्यंत हे पद मिळालेल्या स्त्रिया दोनच होत्या, १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनात कुसुमावती देशपांडे आणि १९७५ च्या कराड संमेलनात दुर्गा भागवत. दोघींची ख्याती विचारवंत म्हणून होती. १९९५ चा जनस्थान पुरस्कार इंदिराबाईंना मिळाला, ही भरपाई म्हणावी की नाही ते ज्याने त्याने ठरवावे. मराठीबाहेर त्यांची कविता बरीच आधी पोचली होती. १९७५ साली वृंदा नाबर आणि निसिम इझिकेल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 'स्नेक-स्किन अँड अदर पोएम्स' या नावाने प्रसिद्ध झाले. संग्रहाच्या नावासाठी सापाची कात निवडणाऱ्या भाषांतरकारांना या कवितेतील धार आपल्यापेक्षा लवकर दिसली, असे म्हणावे लागते.

शेवटी 'मालनगाथा' विषयी. उत्तरायुष्यात इंदिराबाईंनी स्त्रियांच्या ओव्या जमवून त्यांचा हा संग्रह सिद्ध केला. मालन हे ओवीतील बाईचे नाव, जी कुणीही असू शकते. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' आणि सरोजिनी बाबर यांचे कार्य यांच्या रांगेत हे काम बसते. पण कवितेच्या अभ्यासकाला त्याचा वेगळा उपयोग आहे. पावसाला विनवणारी बाई ही मालनच आहे. आपल्या कवितेतील 'मी' कुठून आली हे इंदिराबाईंनी जणू या संग्रहाद्वारे दाखवून दिले. ओवी गाणारी बाई स्वतःचे दुःख गाते की शेजारणीचे, हे जात्याला कळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही विचारावेसे वाटत नाही. भावाची वाट पाहणारी ओवी जिला भाऊ नाही तीही गाते. कवितेतील 'मी' ला कवयित्री समजण्याची आपली सवय छापील पुस्तकातून आलेली आहे. ओवीच्या परंपरेत ती लागू पडत नाही.

आपल्या भागातील महाविद्यालयांना येथे प्रत्यक्ष कामास वाव आहे. इंदिराबाईंचा जन्म ज्या विजापूर जिल्ह्यात झाला, तेथे सतराव्या शतकापासून सूफी परंपरेतील दखनी 'चक्कीनामे' होते. बायकांनी जाते ओढताना म्हणावयाची ही पदे असून त्यांत जात्याचा खुंटा, दांडा, फिरणे यांवर ईश्वरस्मरणाची रूपके रचलेली असत. रिचर्ड ईटन यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून ती इतिहासाच्या अभ्यासकांसमोर आणली. मराठी ओवी आणि दखनी चक्कीनामा ही एकाच दगडाच्या दोन बाजूंना बसून गायिलेली गाणी आहेत, तरी दोहोंचा एकत्र अभ्यास मराठी विभाग करीत नाही आणि उर्दू विभागही करीत नाही. हेमा राईरकर व गी प्वाटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यांत जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली, आणि २०१७ पासून त्या ध्वनिमुद्रणासह प्रसिद्ध होत आहेत. सीमेच्या अलीकडील निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी भागांतही ज्यांना जात्यावरची गाणी पाठ आहेत अशा वृद्ध स्त्रिया आहेत. काहींच्या ओव्यांत विठ्ठल येतो, काहींच्या ओव्यांत पीर, आणि पुष्कळींच्या ओव्यांत दोन्ही. पदवीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थिनींना प्रकल्प द्यावयाचाच असतो. 'मालनगाथा' हातात देऊन त्यांना आधी स्वतःच्या आजीकडे पाठवावे. वही दोन भागांची असावी : डाव्या पानावर आजीने म्हटलेले जसेच्या तसे, बोली न सुधारता, आणि उजव्या पानावर ती ओवी कुणाची, कुणाकडून ऐकली, कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, याची नोंद.